रिव्हर्स नसलेला जज

माझ्या सासऱ्यांनी माझ्या बायकोला एक शब्द दिला होता. जज मेला, की मी चावी ठेवतो. त्यानंतर स्टीअरिंगला हात लावणार नाही.

जज म्हणजे त्यांची गाडी. लांबलचक, चार दारांची, तपकिरी. कोर्टातल्या एका जजच्या विधवेकडून घेतली होती, म्हणून जज. सासऱ्यांचं नाव कॅझिमिर व्रोबेल, सगळे कॅझ म्हणतात, मी पॉप म्हणतो. शब्द दिला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती आणि जजचा खालचा पत्रा इतका कुजला होता, की मागच्या सीटखाली रस्ता दिसायचा. माझ्या बायकोनं, डोरीननं, गाडीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि हिशेब केला. एक हिवाळा, फार तर दोन. बापाचा हात हातात घेऊन तिनं शब्द पक्का केला आणि त्यांच्या खांद्यावरून मला डोळा मारला.

ही चूक बाहेरच्या कुणी केली असती तर मी समजू शकलो असतो. पण ही बाई मिशिगनची, गाड्यांच्या कारखान्यातल्या माणसाची पोरगी. त्या काळच्या आपल्या गाड्यांचं सगळं जातं. खिडक्या दारात पडतात, छताचं कापड डोक्यावर येतं, दार आतून उघडत नाही, रेडिओ एकच स्टेशन धरून बसतो. इंजिन मात्र जात नाही. आमच्याकडे म्हणतातच, की या गाड्या बिघडलेल्या जितकी वर्षं चालतात, तितकी दुसऱ्यांच्या गाड्या धडधाकटसुद्धा चालत नाहीत. डोरीन हे पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. तरी तिनं असा शब्द घेतला. मग मी काय कपाळ बोलणार?

मी रस्ते खात्यात आहे. हिवाळ्यात ट्रकमधून रस्त्यावर मीठ टाकतो, म्हणजे बर्फ धरत नाही. तेच मीठ गाड्यांचे पत्रे खातं. रविवारी मी त्याच खाल्लेल्या गाड्यांखाली आडवा होऊन त्या दुरुस्त करतो. हे कुणी मला बोलून दाखवलं की मला राग येतो, कारण ते खरं आहे.

पहिलं भांडण झालं इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपावरून. चर्चला जाताना जजनं भर चौकात वाफ सोडली आणि त्याला ओढून आणावं लागलं. डोरीन दारातच हात पुढे करून उभी होती. मेला, म्हणाली, चावी द्या. कॅझ म्हणाले, मेला नाही, दमलाय. मी रविवारी नवा पंप बसवला, जज सुरू झाला. पुढच्या वर्षी बॅटरी भरणारा अल्टरनेटर गेला. पुन्हा तेच. डोरीनचं म्हणणं, जी गाडी ओढून आणावी लागते ती मेलेली. कॅझचं म्हणणं, मग पाय मोडून दवाखान्यात नेलेला प्रत्येक माणूस मेलेलाच म्हणायचा.

शेवटी लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांतल्या, एका शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये, तळलेल्या माशांच्या रांगेत, हातात ताटं घेऊन बापलेकीनं तोडगा काढला. डेल म्हणेल मेला, तर मेला. दुसऱ्या कुणाचं चालणार नाही. डेल म्हणजे मी. मला कुणी विचारलं नाही. माझ्या ताटात तेव्हा कोबी पडत होता.

दोघांचा माझ्यावर विश्वास होता, कारण मी इंजिनाबद्दल खोटं बोलत नाही. हे माझं एकच तत्त्व आहे. बाकी बऱ्याच गोष्टींबद्दल बोलतो.

पुढं जजचं एकेक होत गेलं. छताचं कापड सुटलं, ते कॅझनी सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या लावून वर धरलं. सासूबाई, आयरीन, त्याआधीच्या शरद ऋतूत गेल्या होत्या. त्यांच्या डब्यातलं काहीतरी रोज डोक्यावर आहे याचं कॅझना बरं वाटत असावं. ते तसं बोलले नाहीत, पण मी दुसऱ्या पिना आणून दिल्या त्या त्यांनी परत केल्या. मग बाजूची खिडकी दारात पडली, तिथं लाकडाची पाचर ठोकली. मग इंजिन तापायला लागलं. त्यावर उपाय असा, की उन्हाळ्यात हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता गाडीत येते आणि इंजिन वाचतं. माणूस वाचत नाही. जुलैमध्ये कॅझ चर्चला आले की आंघोळ करून आल्यासारखे दिसायचे. फादरनी एकदा काळजीनं विचारलं, तर म्हणाले, जजला थंडी सोसत नाही.

मग रिव्हर्स गेला.

गिअरबॉक्स उतरवावा तर खालचा सगळा पत्रा त्याच्यासोबत उतरला असता. मी गाडीखालून बाहेर आलो, हात पुसले आणि सांगितलं, की पॉप, गाडी आता मागे जाणार नाही. त्यांनी थोडा विचार केला.

"मला मागे जाऊन करायचंय काय?" म्हणाले.

आणि त्यांनी आख्खं गाव रिव्हर्सशिवाय लावून घेतलं. पोस्टात जायचं ते बँकेच्या बाजूनं शिरून पलीकडून बाहेर. रोझच्या हॉटेलात कॉफी प्यायची तर गाडी शेजारच्या बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर, तिथं दोन्ही बाजूंना वाट आहे. किराणा घेतला की रिकाम्या जागेतून सरळ पुढच्या ओळीत. आमच्या घरी आले की आत वळायचं, गवतावरून मेपलच्या झाडाला फेरी मारायची आणि तोंड रस्त्याकडे करून थांबायचं. त्या फेरीत डोरीनचे ट्युलिप यायचे. दोन वर्षं तिनं लावले, तिसऱ्या वर्षी तिथं दगड मांडले, तर जजनं दगडही घेतले.

ती मला म्हणाली, रिव्हर्स नसलेली गाडी मेलेली नाही का? मी म्हटलं, पुढे जाते. ती म्हणाली, तू माणूस आहेस की वकील?

इथवर मला गंमत वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण नंतरची दोन वर्षं गमतीची राहिली नाहीत. कॅझनी शेजाऱ्याची टपालपेटी पाडली. सूर्य डोळ्यात आला, म्हणाले. त्या दिवशी ढग होते. मग शाळेजवळ थांबायच्या पाटीवर ते थांबले नाहीत. कुणाला लागलं नाही, पण मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईनं डोरीनला फोन केला.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी न्याहारीला, तिनं विषय काढला. इंजिन कधी जाईल, हे तिनं मला सरळ विचारलं. मी सांगितलं, आपल्याआधी नाही.

"डेल, तुझ्या एका शब्दाचं काम आहे," ती म्हणाली. "मेला म्हण. एवढंच."

"मेलेला नाही तो."

"डॅड कुणाला तरी उडवतील मग म्हणशील?"

मी म्हटलं, तू त्यांच्याशी बोल, तुझे वडील आहेत. ती म्हणाली, बोलले, दहादा बोलले, ते म्हणतात शब्द म्हणजे शब्द. आणि शब्द माझ्या तोंडात अडकला होता. इकडे आड, तिकडे विहीर. मी तिला म्हटलं, की तो माणूस सकाळी उठून दाढी करतो ती रोझच्या हॉटेलात जायचं असतं म्हणून. जज गेला तर दाढी कशासाठी करेल? ती म्हणाली, मला दाढी वाढलेला बाप चालेल, तुरुंगातला नको. यावर मी चिडलो आणि कामावर निघून गेलो. आम्ही आठवडाभर एकमेकांशी मीठ दे, दार लाव, एवढंच बोललो.

त्याच आठवड्यात बर्फ पडला. दुपारी मी ट्रक घेऊन बीटाच्या शेतांकडच्या रस्त्यावर मीठ टाकत होतो. तिथल्या चौकात जज उभा. इंजिन चालू, डावा दिवा लुकलुकतोय, टपावर बोटभर बर्फ. म्हणजे उभा राहून बराच वेळ झाला होता. आत कॅझ, दोन्ही हात स्टीअरिंगवर, टोपी घातलेली.

मी ट्रक थांबवून खाली उतरलो. खिडकीत पाचर होती, म्हणून त्यांनी दार उघडलं. मी विचारलं, काय झालं. इंजिन गरम होऊ देतोय, म्हणाले. इंजिन तापून वास येत होता. हा चौक त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यांचा जन्म त्या बाजूच्या शेतावरच्या घरात झालाय, लग्नाची वरात याच चौकातून गेलीय. ते चारी रस्त्यांकडे एकेक करून बघत होते.

"तू कुठं चाललायस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तुमच्याच घराकडे. मी उलट दिशेला चाललो होतो.

"मग हो पुढे," ते म्हणाले. "मी येतो मागनं. तुझ्या मिठावर चाक घसरत नाही."

मी ट्रक वळवला आणि हळू निघालो. आरशात जज दिसत होता, माझ्या मागे, अगदी जवळ. मीठ सगळं त्याच्या तोंडावर उडत होतं आणि मला ते बंद करता येईना, कारण बंद केलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, की मग या रस्त्याला कशाला आलास. मला रडू आलं. ट्रकमध्ये कुणी नव्हतं, म्हणून आलं तसं येऊ दिलं.

घराशी पोचल्यावर त्यांनी हात वर केला, मी भोंगा वाजवला. डोरीनला मी हे सांगितलं नाही. पण रविवारी काय करायचं ते माझं ठरलं. टाकीतला पंप पेट्रोल वर ढकलतो, त्या पंपाचा एक फ्यूज असतो, नखाएवढा. तो काढला की इंजिन फिरतं पण धरत नाही. बाहेरच्याला वाटेल, गेलं. फ्यूज खिशात घालायचा आणि म्हणायचं, पॉप, मेला. आयुष्यात एकदा इंजिनाबद्दल खोटं बोलायचं. मी आरशासमोर म्हणूनसुद्धा पाहिलं. चेहरा चोरासारखा दिसत होता.

रविवारी चर्चहून मी थेट त्यांच्याकडे गेलो. चर्चला ते आले नव्हते. गॅरेजचं दार उघडं, जजचं बॉनेट वर आणि कॅझ बाजूला लाकडी स्टुलावर बसलेले, हातात कॉफी. दाढी केलेली.

"सुरू होत नाही," ते म्हणाले.

मला आधी वाटलं, माझं मन त्यांना कळलं. मी आत बसून चावी फिरवली. इंजिन छान फिरलं, पण धरलं नाही. पुन्हा फिरवली. चावी दिली की मागे टाकीत पंपाची घरघर येते, ती येत नव्हती. मी वाकून डॅशबोर्डच्या टोकाचं झाकण काढलं. फ्यूजची रांग होती, आणि पंपाची जागा रिकामी होती.

फ्यूज जळतो. फ्यूज तुटतो. फ्यूज आपण होऊन उठून कुठं जात नाही.

सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात, तसं मला वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कॅझ कारखान्यात नोकरीला होते तेव्हा त्यांचं काम एकच होतं: लाइनवर येणाऱ्या गाड्यांत तारांची जुडगी बसवायची. त्यात ही फ्यूजची पेटी आली. जज तिथूनच निघाला होता. त्याची पेटी कदाचित त्यांच्याच हातची असेल. अंधारात, हातमोजे घालून, कुठला फ्यूज कुठं ते त्यांना सांगता आलं असतं.

मी वर पाहिलं. ते भिंतीवरच्या बर्फाच्या फावड्याकडे बघत होते. एका हातात कॉफी होती. दुसरा हात जॅकेटच्या खिशात होता आणि तो बाहेर येत नव्हता.

मी झाकण परत लावलं. खोटं कसं बोलायचं याची तयारी करून आलो होतो, ती सगळी विसरलो.

"पंप का?" त्यांनी विचारलं.

"पंपच."

"मिळेल?"

गावातल्या दुकानात फळीवर असे पंप पडून होते. आदल्याच महिन्यात आम्ही दोघं तिथं गेलो होतो आणि त्यांनी स्वतः एक हातात घेऊन धूळ पुसली होती.

"या गाडीचा आता नाही मिळत, पॉप."

"हं." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "मग?"

मी गाडीतून बाहेर आलो. मला हे उभं राहून म्हणायचं होतं.

"मेला," मी म्हटलं.

कॅझनी मान हलवली. उठले, बॉनेटपाशी आले, आत एकदा नीट पाहिलं आणि ते हळूच खाली सोडून तळव्यानं दाबून बंद केलं. मग चावी काढून माझ्या हातात दिली.

"तू म्हणतोस म्हणजे मेला," म्हणाले. "डोरीनला तूच सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल मी ऐकलं तिचं."

मी घरी जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं, ती नाचेल. इतकी वर्षं वाट पाहिली होती. ती खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं.

"तू काही केलंस?"

"नाही."

"मॉमची शपथ?"

"आयरीनची शपथ," मी म्हटलं. त्या घरात मी इतकं खरं कधीच बोललो नव्हतो, आणि तरी माझे कान तापले. तिनं आणखी विचारलं नाही. संध्याकाळी ती बापाकडे गेली, तेव्हा ते गॅरेजमध्ये जजच्या छताच्या टाचण्या एकेक काढून डब्यात परत ठेवत होते. तीही शेजारच्या सीटवर बसली आणि काढू लागली. मी आत गेलो नाही.

आता त्यांना रोझच्या हॉटेलात मी नेतो, कामावर जाता जाता. परत त्यांना तिथलाच कुणीतरी सोडतो. दाढी रोज करतात. माझी गाडीही त्याच कारखान्याची, जजच्या एका वर्षानंतरची, आणि त्यांच्या मते मी ती बैलगाडी हाकल्यासारखी हाकतो. शेजारी बसून ते उजव्या पायानं जमीन दाबतात. मी ब्रेक लावला नाही की माझ्याकडे बघतात, लावला की म्हणतात, उशिरा लावलास.

परवा पुन्हा लेंटचा शुक्रवार होता. चर्चच्या हॉलमध्ये मासे खाल्ले, कोबी खाल्ला, लोकांनी जजबद्दल विचारलं. कॅझ म्हणाले, पंप गेला, मिळत नाही. पंप विकणारा दुकानदार आमच्याच टेबलाला होता. त्यानं कॅझकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ब्रेडला लोणी लावू लागला.

बाहेर येऊन गाडीत बसलो. मी रिव्हर्स टाकून गाडी मागे घेतली. ते मान वळवून मागे बघत होते.

"सवयच गेली याची," म्हणाले.

मग जॅकेटच्या खिशात हात घातला, काहीतरी काढलं आणि समोरच्या सिगारेटच्या राखेच्या खणात, माझ्या सुट्ट्या नाण्यांवर ठेवलं. निळा, नखाएवढा फ्यूज.

"चांगला आहे," ते म्हणाले. "तुझ्या गाडीलाही बसेल. फेकू नकोस."

मी खण बंद केला. रस्त्याच्या तोंडाशी येऊन थांबलो. समोर पाण्याची टाकी, बाजूला शाळा, लहानपणापासून ते रोज जात होते तो रस्ता. त्यांनी एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे.

"डावीकडे ना रे घर?" त्यांनी विचारलं.

"उजवीकडे, पॉप."

"तेच म्हणतोय," ते म्हणाले, आणि मी उजवा दिवा लावला.